दोरीच्या आतली खुर्ची

खारवली बंदरावर गलबतांचा व्यापार करून पारकर शेट गबर झाले आणि त्यांनी खाडीच्या तोंडाशी मोठा बंगला बांधला. पुढे त्यांच्या नातसुनेने, कालिंदीबाईंनी, तो लोकांना पाहायला खुला केला. आल्यागेल्याला त्या स्वतःच बंगला दाखवायच्या.

सगळ्यांना कुतूहल असायचं ते दिवाणखान्यातल्या वेताच्या खुर्चीचं. शेटांचा थोरला मुलगा गलबत घेऊन गेला तो परतलाच नाही. त्यानंतर शेट मरेपर्यंत त्या खुर्चीत बसून समुद्राकडे बघत राहिले. आता वेत पार जीर्ण झाला होता, म्हणून भोवती दोरी बांधली होती.

निवडणूक तोंडावर आली असताना एकदा मंत्री रणधीरराव लवाजम्यासह बंगला पाहायला आले. खुर्ची पाहताच म्हणाले, "वा! हिच्यात बसून एक फोटो होऊन जाऊ द्या."

"साहेब, वेत तुटेल हो," कालिंदीबाई म्हणाल्या.

"मंत्र्याला अडवता?" असं म्हणत त्यांनी एक पाय दोरीपलीकडे टाकलासुद्धा.

कालिंदीबाईंनी हात जोडले. "मी कोण अडवणार? खुशाल बसा. पण दोरीच्या आत आम्ही फक्त होऊन गेलेल्यांच्या जागा ठेवतो. तुम्ही बसलात की पाटी लावावी लागेल, 'माजी मंत्री'."

लवाजम्यात कुणालातरी हसू फुटलं. मंत्र्यांचा पाय मुकाट्याने अलीकडे आला.

"फोटो इथूनच काढा रे," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, त्या मुलाचं पुढे काही कळलं का?"

"नाही. या, शेट कुठे बघायचे ते दाखवते," म्हणत कालिंदीबाईंनी खिडकी उघडली.