युवराजाची मान

“आमचा युवराज डोकं खाली घालून जन्माला येणार नाही! पाय आधी आले पाहिजेत!” ताडगडचा राजा प्रतापभान कडाडला.

हुकूम सुईण कोंडाईला होता. आत राणीसाहेबांना कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळाचं डोकं अगदी हवं तसं खाली होतं. ते फिरवून बाळ पायाळू करायचं म्हणजे राणीच्या जिवाशी खेळ! नाही म्हणावं, तर स्वतःचं मुंडकं जायचं.

ताडगडचे राजे कुणापुढेच वाकत नसत. महाराजांच्या कमरेला त्रास नको म्हणून देवळातला देवसुद्धा उंच ओट्यावर चढवला होता. देवाने तक्रार केली नाही, त्यामुळे महाराजांचा हुरूप वाढला होता.

“महाराज, बाईच्या कमरेचं हाड म्हणजे बंद कडं,” कोंडाई म्हणाली. “आधी डोकं सुटलं की बाकीचं सहज येतं. पाय आधी आले तर डोकं मागे अडकायची भीती.”

“काहीतरी सांगू नकोस! आमच्या गोठ्यातलं वासरू पाय पुढे करून ऐटीत येतं. आणि राजाचा मुलगा खालमानेनं येणार?”

“वा! काय बिनतोड मुद्दा!” प्रधानजी म्हणाले. महाराजांचा प्रत्येक मुद्दा त्यांना बिनतोडच वाटायचा.

आता मात्र कोंडाईच्या भीतीची जागा रागानं घेतली.

“गाय चार पायांवर चालते, महाराज, तिच्या कमरेत ऐसपैस वाट. आपण दोन पायांवर ताठ उभे राहतो, म्हणून आपलं कडं आवळलेलं. पण हुकूम तो हुकूम! वासरासारखं आणा म्हणता, तर आणते. फक्त पुढचं तुम्ही निस्तरा.”

“पुढचं काय?”

“वासरू येतं ऐटीत, पण मग जन्मभर मान खाली घालून चरतं! माणसाचं पोर एकदाच मान खाली घालतं, तीही आईपुढे, आणि मग जन्मभर ताठ चालतं. युवराजांनी किती वाकायचं, एकदा की जन्मभर? लवकर बोला, राणीसाहेब काही हुकमाची वाट बघत थांबायच्या नाहीत!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि ते एकदम गडगडाटी हसले.

“पळ, कोंडाई, पळ! घालू दे त्याला मान खाली!”

घटकाभरात आतून खणखणीत रडणं ऐकू आलं. आई आणि बाळ दोघंही सुखरूप होती. महाराजांनी कोंडाईला भरजरी लुगडं दिलं आणि गोठ्यातली दुभती गाय वासरासकट तिच्या दारी बांधायला सांगितली.

“वासरूही ने बरं का!” महाराज डोळे पुसत हसले. “आम्हाला भलतेसलते सल्ले देतं!”