दुधाळीचा तळ कुणाचा?

एका राज्यात, नाव विचारू नका, मला ते सांगायचं नाही, दुधाळी नावाची नदी होती. राजा वीरकेतू मांडलिक, आणि त्याच्या वर सम्राट महाचंड. नदीच्या तळाशी माणकं निघाली अन् दोघांचं बिनसलं. सम्राट म्हणे तळ माझा, राजा म्हणे माझा. माणकांचा राखणदार मांत्रिक कालदंष्ट्र वैतागला. "धनी ठरेपर्यंत तळाला पाय लावील तो शिळा होईल. आणि ठरलेल्या धन्याने हात धरून उठवलं, तरच तो उठेल!"

भांडले राजे आणि शिळा कोण झाला? रायबा नावाडी! वरच्या घाटावरून निसटून खाली पडलेला नावेचा नांगर काढायला बिचारा धबधब्याच्या डोहात उतरला, तो तिथेच थिजला.

त्याची बायको सगुणा सम्राटाच्या दरबारात गेली. राजाही तिथेच होता. "सरकार, तुमचं एकदाचं ठरवा. माझा माणूस पाण्यात उभा आहे."

सम्राट म्हणाला, "नियम जुना आहे. हे राज्य आमच्याकडे आलं त्या दिवशी जिथे नावा चालत होत्या, तिथला तळ राजाचा. बाकीचा आमचा. नदीचे टप्पे तीन. तिन्हींची साक्ष दे. मात्र आमच्या तळावरचा दगडही आमचा. तो आम्ही सोडत नाही."

वीरकेतू सगुणाला हळूच म्हणाला, "घाबरू नकोस. तिन्ही टप्पे मला मिळाले, की रायबाला मी उठवतो."

पहिल्या टप्प्यावर तिने घाटाचा दगड दाखवला. नावांचे दोर घासून घासून त्यात मनगटाएवढे खोल चरे पडले होते. सम्राटाने बोट घालून पाहिलं. "मान्य."

दुसऱ्या टप्प्यावर तीनशे वर्षांचा खंड्या पक्षी बोलला. "हे राज्य सम्राटांकडे गेलं त्या दिवशीही मी नावांच्या काठावर बसून मासे मारलेत. नावाडी हाकलायचे मेले!" सम्राट हसला. "मान्य."

तिसरा टप्पा धबधब्याचा. नावाडी इथे नाव खांद्यावर घेत आणि खालच्या डोहापलीकडे नेऊन पाण्यात सोडत. वाटेत तिला जमिनीवर टेकवायची नाही, अशी त्यांची रीत. वीरकेतू म्हणाला, "नाव टेकलीच नाही, म्हणजे चाललीच! सांग ना, बाई!"

सगुणाने डोहाकडे पाहिलं. रायबाचं दगडी डोकं पाण्यावर दिसत होतं. एका 'हो'चा प्रश्न होता. तिला रडू फुटलं.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "खांद्यावर असते तेव्हा ती नाव नसते, ओझं असतं. माझ्या सासऱ्याच्या खांद्याला त्याचे घट्टे होते. इथे नाव कधीच चालली नाही. हा टप्पा सम्राटांचा."

वीरकेतूने कपाळावर हात मारला. सम्राट सगुणाकडे वळला.

"तुझा नवरा आमच्या हद्दीत गेला, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय, सरकार. पण खोटं बोलून त्याला घरी नेलं, तर त्याच्यासमोर ताट कोणत्या तोंडाने वाढू?"

सम्राटाला आपल्याच हट्टाची लाज वाटली. मुकुट काढून तो डोहात उतरला. धनी ठरला होता, त्यामुळे तळाने त्याला काही केलं नाही. त्याने शिळेचा हात धरला. दगड ऊन झाला, मऊ झाला, आणि रायबा शिंकला! सगुणा नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात धावली.

त्याच दिवशी लेख झाला. दोन टप्प्यांचा तळ राजाचा, एका टप्प्याचा सम्राटाचा, आणि वरच्या पाण्यावरून कुणीही जावं, कुणी अडवू नये. रायबाची नाव अजून धबधब्याच्या वरच्या घाटालाच होती. नावाडी ती डोहापलीकडे नेण्यासाठी उचलायला वाकले, तेव्हा सम्राट पुढे झाला.

"सरकार, हे काय?" एका नावाड्याने विचारलं.

"टप्पा आमचा," सम्राट म्हणाला, "मग ओझंही आमचंच." आणि त्याने खांदा लावला.