टेस्टरची साक्ष

माणसांसारखीच विजेची अवजारंही भांडत, त्या काळातली ही गोष्ट. एका सातमजली इमारतीची लिफ्ट सकाळीच बंद पडली. लिफ्टच्या मोटरीला वीज आणणाऱ्या तीन तारांवर नजर ठेवणारा एक छोटा डबा होता, रिले. तोच अडून बसला होता. "एक तार मेलीय. दोघींवर चालवली तर मोटर जळेल."

वायरमन शिवदासमामांच्या खिशातून टेस्टर ऐटीत बाहेर आला. तिन्ही तारांना टेकला आणि तिन्ही वेळा पेटला. "सगळ्या जिवंत! या डब्यालाच म्हातारचळ लागलाय."

"मग काढून टाका हो त्याला," सेक्रेटरी कर्णिकबाई गुडघे चोळत म्हणाल्या. "दोनदा जिने चढलेय मी."

मामांनी पकड उचलली. मोटरीला घाम फुटला.

"मामा," रिले शांतपणे म्हणाला, "खाली याच तारांवरचा पाण्याचा पंप कसा कण्हतोय ऐका. तो बंद करा आणि मग तारांना विचारा."

पंप थांबला. टेस्टर पुन्हा तिन्ही तारांना टेकला, पण निळ्या तारेवर पेटलाच नाही. तिचा फ्यूज केव्हाच उडाला होता. मघाशी ती पंपाच्या मोटरीतून फिरून आलेल्या उसन्या विजेवर मिरवत होती.

मामांनी फ्यूज बदलला. लिफ्ट चालू झाली.

"मी विचारलं, तर ती 'आहे' म्हणाली," टेस्टर पुटपुटला.

"तसं तर सगळेच म्हणतात," रिले हसला. "म्हणून मी एकीबद्दल शेजारणीला विचारतो."

"आमच्या इमारतीतही तसंच कळतं सगळं," म्हणत कर्णिकबाई लिफ्टमध्ये शिरल्या.