चमकी आणि शिसोबा

शके अठराशे ऐंशीच्या माघात नागू भोई खोल तळ्यात होडीमागे गळ ओढत होता. गळाची पितळी चमकी वजनाच्या शिशाला म्हणाली, "शिसोबा, मासा मला भुलतो. तुम्ही नुसते लोंबता."

"पण बाई, मोठा मासा राहतो तळाशी. तिथं तुला नेतं कोण?"

तेवढ्यात शिसोबा कपारीत अडकला. अशा वेळी चमकी तरी वाचावी, म्हणून नागू शिशाचा दोरा मुद्दाम कच्चा बांधी. "नीघ तू," शिसोबा म्हणाला आणि दोरा तुटला.

दुसऱ्या दिवशी नव्या शिशानं चमकीला त्याच कपारीपाशी नेलं. मोठ्या माशानं जबडा उघडला. चमकीनं त्याला हुलकावणी दिली आणि आपला आकडा शिसोबाच्या कडीत अडकवला.

गळाला लागलेलं शिसं पाहून नागू करवादला, "मासा सोडून हे काय आणलंस गं?"

"फिटलं, शिसोबा," चमकी म्हणाली.