चिमीच्या बिळावर होडी

एक होती चिंबोरी. म्हणजे खेकडीच की! नाव तिचं चिमी. बोटाच्या पेराएवढी, पण तोरा केवढा! चालायची तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा चिमी गेली डुबकी मारायला. परत येते तर काय? बिळावर होडी!

“तांडेलमामा, तांडेलमामा, होडी हलव. खाली माझं बीळ आहे!”

होडीवाला तांडेलमामा म्हणाला, “समुद्रात मला वाट कोण दाखवील, तू? आधी उपग्रह वर जाऊ दे. मग हलवतो.”

चिमी गेली तुरुतुरु तुरुतुरु. किनाऱ्यावरच रॉकेट उभं, ताडासारखं उंच. त्याच्या टोपीत बसला होता उपग्रह.

“उपग्रहा, उपग्रहा, वाट दाखव ना!
मामा होडी हलवेना,
माझं बीळ मला मिळेना!”

उपग्रह म्हणाला, “रॉकेट उडेना. इथे बसून काय दाखवू, कपाळ?”

“रॉकेटदादा, रॉकेटदादा, उड ना!
उपग्रह वाट दाखवेना,
मामा होडी हलवेना,
माझं बीळ मला मिळेना!”

रॉकेट म्हणालं, “बाई बटण दाबेना. मी काय शिंकून उडू?”

चिमी गेली तुरुतुरु तुरुतुरु. बटणाच्या बाई चष्मा शोधत होत्या. टेबलाखाली! चष्मा कुठे? डोक्यावर!

“बाई, बाई, बटण दाबा ना!
रॉकेट उडेना,
उपग्रह वाट दाखवेना,
मामा होडी हलवेना,
माझं बीळ मला मिळेना!”

बाई म्हणाल्या, “नारळ फुटेना. नारळ फोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमची रीतच आहे.”

“नारळा, नारळा, फूट ना!
बाई बटण दाबेना,
रॉकेट उडेना,
उपग्रह वाट दाखवेना,
मामा होडी हलवेना,
माझं बीळ मला मिळेना!”

नारळ म्हणाला, “फुटू कसा? मला कुणी सोलेना!”

घ्या! एवढं मोठं रॉकेट बांधलं. आणि नारळ आणला सालासकट! सोलायला एकालाही येईना. हसताय काय? हसा, हसा!

चिमी म्हणाली, “एवढंच?” तिनं नांग्या सरसावल्या. कुर्र कुर्र! कुर्र कुर्र!

“शेंडी ठेव गं!” बाई ओरडल्या.

शेंडी ठेवली.

नारळ फुटला, फट्!
बाईंनी बटण दाबलं, टिक्!
रॉकेट उडालं, धडाडधूम सूंऽऽऽ!
उपग्रहानं वाट दाखवली, टिंग टिंग!
मामानं होडी हलवली, सर्रर्र!
चिमीचं बीळ चिमीला मिळालं!

वरून उपग्रह म्हणाला, “चिमे, बीळ समोर आहे. सरळ जा!”

सरळ? चिमी? छे!

नांगीत खोबऱ्याचा तुकडा. चालली तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु...

गुडुप!