नऊ वाडगे वर, चार वाडगे खाली

सेरलुंगच्या दरबारात हा वाद झाला तेव्हा मी तिथे नव्हते. आचार्यांना खिंड चढतानाही मी पाहिलेले नाही. ते तर कोणीच पाहिलेले नाही!

सेरलुंग हे हिमालयातले एवढेसे राज्य. तीन दऱ्या, दोन नद्या, एक खिंड आणि राजवाड्याच्या अंगणाएवढी सपाट जमीन. त्याचा भूगोल लिहायला राजाने खालच्या मुलखातून आचार्य बोलावले. त्यांनी पालखीत बसून नकाशा काढला आणि राजवाड्यापासून खिंडीचे अंतर चार कोस ठरवले. अंतर एकच, म्हणून वेळही एकच, असे राजाला वाटले. त्याने हुकूम काढला : मीठ वाहणाऱ्यांनी खिंड जेवढ्या वेळात उतरायची, तेवढ्याच वेळात चढायची. उशीर झाला की खेचर जप्त!

पहिले जप्त झाले ते चोझोम नावाच्या मुलीच्या आईचे. घरात दुसरे नव्हते. चोझोम थेट दरबारात आली.

"महाराज, खिंड जाताना नऊ वाडगे आहे, येताना चार. आईला उशीर झाला नाही, तुमच्या हुकमालाच घाई झाली."

"वाडगे?" आचार्यांनी नाक मुरडले.

"वाडगाभर चहाच्या बळावर माणूस ओझं घेऊन जेवढं चालतो, तेवढा एक वाडगा. आम्ही अंतर असंच मोजतो."

"एकाच वाटेची दोन अंतरं! अडाणीपणालाही काही सीमा असते, पोरी."

"असेल. तुमच्या नकाशात सगळ्या सीमा आहेत, चढ तेवढा नाही!"

राजा चिडला. "पुरे! चढणाऱ्याला आणि उतरणाऱ्याला, दोघांनाही लागू पडेल असा एकच आकडा सांग. वाडग्यांतच सांग! नाही जमलं, तर तुमच्या गावातली सगळी खेचरं माझी."

आचार्य हसले. दरबारही हसला, त्याला हसायला कारण लागत नसे.

"तेरा," चोझोम म्हणाली.

"ते कसं?" राजाने विचारले.

"इथून खिंडीत जाऊन परत या : नऊ आणि चार, तेरा. खिंडीतून इथे येऊन परत जा : चार आणि नऊ, तेराच. कुठूनही निघा महाराज, आकडा हलत नाही."

"मग निम्मे करा!" आचार्य ओरडले. "साडेसहा वर, साडेसहा खाली. म्हणजे माझंच खरं!"

"करा की! साडेसहा वाडग्यांत खिंड चढून दाखवा. मिठाचं पोतं पाठीवर मी बांधून देते. चहा महाराजांचा!"

चोझोमने येताना आणून दाराशी ठेवलेल्या पोत्याकडे आचार्यांनी पाहिले. मग छताकडे. मग त्यांना एकाएकी गुडघ्याचे जुने दुखणे आठवले.

राजा इतका हसला की मुकुट सावरावा लागला. हुकूम रद्द झाला. खेचर परत मिळाले, वर खोगिराखाली घालायला आचार्यांच्या पालखीतली मखमली गादी!

सेरलुंगच्या भूगोलात तेव्हापासून नोंद आहे : 'खिंड, जाऊन-येऊन तेरा वाडगे.' राजाचा वाडगा चांदीचा, दोन घोटांचा. चोझोमच्या आईचा लाकडी, शेरभर चहा मावणारा. आकडा कोणत्या वाडग्याचा, हे मात्र त्या भूगोलात कुठेही लिहिलेले नाही.