भातुकलीतले बाबा

“ठकू कासारणीच्या पोरीला उद्यापासून बालशाळेत घ्यायचं नाही!” धुंडिराज महाराजांचा हुकूम सुटला. गुन्हा काय? तर ठकू एकाही पालकसभेला गेली नव्हती!

लहान मुलांच्या शिक्षणात आईबापांनी हातभार लावावा, असं महाराजांच्या मनात आलं होतं. विचार सोन्यासारखा, पण त्याला दिवाण त्र्यंबकपंतांचा हात लागला आणि झालं! रोज भर दुपारी सभा, सगळ्या आईबापांना सक्तीची. ‘मुलांना वेळ द्या’ या विषयावर दिवाणजी तिन्हीसांजेपर्यंत बोलत, आणि बाहेर पोरं आईच्या नावानं भोकाड पसरत!

ठकूची चिमी शाळेवर जीव टाकायची. हुकूम ऐकला आणि तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. ठकूच्या काळजाचं पाणी झालं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे! तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि थेट दरबार गाठला.

“सरकार, दारोदार बांगड्या भरायला जाते तेव्हा चिमी माझ्याबरोबरच असते. शिकवायचं ते तिथंच शिकवते. सभेला येऊ कधी?”

“ऐकलंत?” दिवाणजी कडाडले. “म्हणे बांगड्या भरताना शिकवते! महाराज, मी आजवर एकही सभा चुकवलेली नाही!”

“चुकवाल कशी? बोलणारे तुम्हीच!” ठकू म्हणाली.

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र हट्टाला पेटले. “मग दाखव करून! सभेला न येता तू दिवाणजींपेक्षा जास्त हातभार लावतेस, हे आत्ता इथं सिद्ध कर. पण स्वतःबद्दल एक अक्षर बोलायचं नाही आणि पोरांना काही विचारायचं नाही. नाही जमलं, तर पोरीची शाळा कायमची बंद!”

न बोलता, न विचारता दाखवायचं तरी कसं? ठकूनं चिमीकडे पाहिलं. ती भर दरबारात मांडी ठोकून चिंधीच्या बाहुलीला थोपटत बसली होती. ठकू गालात हसली.

“सरकार, माझ्या पोरीला खेळायला सोबत हवी. दिवाणजींचा बाळ आणि आपले युवराज येतील का भातुकली खेळायला?”

“खेळू देत की! त्यानं काय होतंय?”

दोघं पोरं आली, राजवाड्यातली चूलबोळकी आली. चिमी आई झाली. तिनं बाहुलीचा हात धरला. “घाबरू नको गं बाई, हात सैल सोड. हिरवी भरली, आता कुठली? लाल! मग परत? हिरवी! शहाणी गं माझी!”

बाळ बाबा झाला. डोक्याला उपरणं गुंडाळून निघालाच तो. “सरका, सरका! सभेला उशीर झाला!”

“अहो, जरा हिला घ्या ना,” चिमीनं बाहुली पुढे केली.

“आत्ता नाही! मुलांना वेळ द्या, असं मला लोकांना सांगायला जायचंय!” आणि स्वारी खांबामागे गायबसुद्धा!

महाराज मांडीवर थाप मारून खदखदा हसले. दिवाणजी उगाचच पागोटं सावरू लागले.

“आता मी बाबा!” युवराज चौरंगावर चढले आणि बाहुलीवर बोट रोखून ओरडले, “कोण रडतंय? रडणं बंद! हुकूम आहे! घेऊन जा हिला आत!”

महाराजांचं हसू जागच्या जागी विरलं.

“हे याला कुणी शिकवलं?” महाराजांचा आवाज खाली आला होता. “हा तर अजून शाळेतही जात नाही!”

“आता बोलू का, सरकार?”

“बोल!”

“आईबापांनीच शिकवलं! पोरं काही सभा भरायची वाट बघत थांबत नाहीत!”

महाराज असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी खाली उतरून युवराजांना उचललं आणि कडेवर घेऊनच हुकूम सोडला, “चिमी उद्या आमच्या पालखीतून शाळेत जाईल! ठकूला साडीचोळी द्या, आणि यापुढे राणीवशात बांगड्या तीच भरेल! आणि पंत, रोज दुपारची सभा आता तुमच्या घरी. बोलेल तुमचा बाळ, ऐकायचं तुम्ही!”